वहिनीच्या बांधाची इर्जिक

माझ्या कुय्याते वहिनीइतकी वाईट चाका, म्हणजे ज्वारीची दारू, आमच्या डोंगरावर दुसरं कुणी करत नाही. नणंद आहे म्हणून बोलते असं समजू नका, कुणालाही विचारा. ज्वारीला मोड आणायचे, ते उन्हात कडकडीत वाळवायचे, दळायचे, पीठ आंबवून शिजवायचं आणि मग ते रांजणात गप्प बसू द्यायचं, एवढंच तर काम. सगळी गोम त्या गप्प बसण्यात आहे. वहिनीला स्वतःला गप्प बसता येत नाही, ती रांजणाला काय बसू देणार! घडीघडी झाकण काढून बघेल, ढवळेल, वर त्याला गाणं म्हणून दाखवेल. शेवटी जे तयार होतं ते प्यायलं की माणसाचा एक डोळा आपोआप मिटतो.

माझी चाका कारातच्या बाजारापर्यंत नावाजलेली आहे, हे आपलं जाता जाता सांगितलं.

माझा मधला भाऊ गेलेबो, म्हणजे वहिनीचा नवरा, रोज संध्याकाळी शेतावरून आला की तिच्याच हातची चाका प्यायचा. त्याचा एक डोळा मिटायचा आणि तो म्हणायचा, "वा! अशी कुणालाच जमत नाही." गेलेबो आयुष्यात कधी खोटं बोलला नाही.

या घरात ती सून म्हणून आली तेव्हा मी परकर सावरत हिंडणारी पोर होते. आईने पहिल्याच दिवशी तिला शेवग्याचा पाला निवडायला बसवलं. पाला निवडताना ती गायला लागली, आणि गाता गाता तिने पाला सुपाबाहेर आणि काड्या सुपात टाकल्या. आई ओरडायला म्हणून उठली, पण ओरडण्याआधी तिला गाण्याचे शब्द कळले. ते आईवरच होते. सासूच्या पायांचा आवाज आला की कोंबड्यासुद्धा अंडं परत आत घेतात, असं काहीतरी. आई मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तेव्हापासून आमच्या घरात वहिनीला कुणी धड रागावू शकलेलं नाही. मी प्रयत्न सोडलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

तिचं खरं राज्य इर्जिकीत. आमची सगळी शेती डोंगराच्या अंगावर, पायरीखाली पायरी, आणि प्रत्येक पायरीला दगडी बांध. बांध आहे म्हणून माती आहे, आणि माती आहे म्हणून आपण आहोत, असं आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. बांध घालणं एकट्यादुकट्याचं काम नाही. ज्याचं शेत त्याने गावाला हाक द्यायची. आलेल्यांना ज्वारीच्या पिठाचे गोळे आणि शेवग्याचा पाला एकत्र उकडून कुरकुफा खाऊ घालायचा, पोटभर चाका पाजायची, आणि त्यांनी दिवसभर राबायचं. बायका दगडमाती वाहतात, गडी रचतात. आणि उंचवट्यावर उभं राहून कुणीतरी गाण्याची ओळ टाकावी लागते, म्हणजे बाकीचे ती उचलतात आणि दगडही उचलतात. ही ओळ टाकणारी गेली कित्येक वर्षं आमची वहिनी. कुणाच्याही इर्जिकीत जा, तिचाच आवाज. गाणी सगळी टोमण्यांची, आणि जागच्या जागी रचलेली. आमच्या वडीलधाऱ्या पंचांना, कोर्राबाबांनाही तिने सोडलं नाही:

"कोर्राबाबांच्या कुदळीला दात गं दोन,
बाबांच्या तोंडात उरलंय तरी कोण?"

कोर्राबाबा बोळकं पसरून इतके हसले की त्यांना काठी धरून उभं करावं लागलं.

आमचे बांध म्हणजे साऱ्या जगाचा वारसा आहेत असं ठरलं, तेव्हापासून कॅमेरेवाले येतात. असाच एक जण एकदा वहिनीला म्हणाला, डोक्यावर दगड घेऊन हसत उभ्या राहा. वहिनी म्हणाली, "आधी तू घेऊन दाखव, मग मला कळेल कसं हसायचं." बिचाऱ्याने दगड घेतला. वहिनीने त्याच्यावर एक कडवं रचलं, बायकांनी ते उचललं, आणि त्या नादात तो माणूस ऊन डोक्यावर येईपर्यंत दगड वाहत राहिला. मग वहिनीने त्याला मायेने चाका पाजली. तो पुन्हा आमच्याकडे दिसला नाही.

असं सगळं हसतंखेळतं चाललं असताना गेलेबो गेला. तापाने गेला, फार दिवस लागले नाहीत. वहिनीने पुष्कळ दिवस रांजणाचं झाकण उघडलं नाही. तिचा मुलगा खाली आर्बा मिंचला मालमोटारीवर असतो. तो आला, राहिला, परत गेला. "आई, माझ्याबरोबर चल," म्हणाला. वहिनी म्हणाली, "तिथे सपाटीवर मला चक्कर येते." आणि दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन शेतावर गेली.

त्यानंतरच्या मोठ्या पावसात तिच्या शेताचा बांध फुटला. थोडाथोडका नव्हे, एका टोकाच्या कातळापासून दुसऱ्या टोकाच्या रानजैतुनाच्या झाडापर्यंत सगळा बसला. आमच्याकडे बांध फुटला की तो एकट्याचा फुटत नाही. वहिनीच्या शेताखालची पायरी माझ्या थोरल्या भावाची, काप्पिनोदादाची. तिचे दगड आणि चिखल त्याच्या ऐन भरात आलेल्या ज्वारीवर जाऊन बसले.

आता दादाबद्दल सांगायला हवं. त्याच्यासारखा बांध घालणारा पंचक्रोशीत नाही. त्याच्या हाताखालून गेलेल्या भिंतीत सुरीचं पातं शिरत नाही. माणूस सरळ, पण हट्टी; आणि हसणं त्याला वर्षातून एकदा, तेही कुणी पाहत नसेल तर. त्याने आपली आडवी झालेली ज्वारी पाहिली आणि तडक वहिनीच्या दारात आला.

"हे बघ कुय्याते, बाईमाणसाला बांध आवरत नाही. शेत मला दे. बांध मी घालतो, वर्षाचं धान्य तुझ्या घरी आणून टाकतो. तुला काही कमी पडणार नाही."

"भावजी, धान्य कमी पडतंय असं मी कुठे म्हटलं?" वहिनी म्हणाली. "मला शेत हवंय."

"शेत हवंय, आणि बांध?"

"बांधही हवाय. तुम्ही घालून द्या ना! तुमच्यासारखा कोण घालतो?"

"दुसऱ्याच्या शेताचा बांध मी हुकमाने घालत नाही."

"मी हुकूम कुठे केला? मी तर लाडीगोडी लावतेय."

दादा लाल झाला आणि निघून गेला. प्रकरण पंचांपुढे गेलं. मी दोघांच्या मधली. एक थोरला भाऊ आणि एक भावजय. मी कुणाच्या बाजूने बोलणार? दादाचंही खोटं नव्हतं, त्याचं पीक गेलं होतं. पण वहिनीच्या त्या शेतात गेलेबोने हाडं झिजवली होती. तिथली माती टोपलीने खालून वर नेताना मी दोघांना पाहिलेलं आहे, ती पुढे आणि तो मागे. ते शेत तिच्या हातून गेलं असतं तर ती जगली असती, पण कशी जगली असती ते मला बघवलं नसतं.

कोर्राबाबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निवाडा केला. पेरणीच्या पावसाआधी बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग उभा राहिला तर शेत कुय्यातेचं. नाही राहिला, तर काप्पिनोचं, कारण फुटक्या बांधाखाली कुणाला पेरता येत नाही. मग ते दादाकडे वळून म्हणाले, "आणि तू ऐक. तिने इर्जिक घातली तर तिकडे हात लावू नकोस. इर्जिकीत ज्याने दगड लावला, त्याने ते शेत बोलावणाऱ्याचं मानलं. हा आपल्या वाडवडिलांचा कायदा आहे. एक दगड लावलास की तुझा दावा संपला."

"मी कशाला लावतो?" दादा म्हणाला. "माझ्या हातांना काय खाज आलीय?"

झालं. सगळं आता इर्जिकीवर आलं, आणि इर्जिक म्हणजे चाका. वहिनीची चाका! मी त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेले.

"वहिनी, चाका मी करते. चार रांजण भरून करते. सगळं गाव नाचत येईल."

"नको वन्सं."

"का गं?"

"तुमची चाका पाजली तर लोक म्हणतील बांध वन्संनी घातला. माझ्या शेताची इर्जिक, माझ्याच चुलीवरची चाका."

"अगं पण तुझी चाका..." मी थांबले.

"बोला, बोला. माझ्या चाकेचं काय?"

"काही नाही. तिला एक वेगळी चव आहे."

"तेच तर! तुमचा भाऊ काय म्हणायचा? अशी कुणालाच जमत नाही." आणि ती इतकी मनापासून हसली की माझा राग आणखीनच वाढला. भाबडेपणाला पण हद्द असते.

मला भीती होती तसंच झालं. तिने हाक दिली आणि गावाला एकदम आजारपण आलं. कुणाची पाठ धरली, कुणाच्या मेहुणीचं बाळंतपण निघालं, कुणाला नेमकं त्याच दिवशी मधाचं पोळं उतरवायला जायचं होतं. एक जण तर म्हणाला, "वहिनी, गाणं ऐकायला येतो, पण चाकेचा आग्रह करू नका." वहिनीने हसून मान डोलावली. आणि मग तिने जे केलं ते तिलाच सुचावं.

आमच्या गावात वरची आळी आणि खालची आळी यांचं हाडवैर. भांडण कशावरून सुरू झालं ते ज्यांना माहीत होतं ते सगळे मेले. वैर तेवढं ठणठणीत आहे. प्रत्येक आळीचं एक मोराघर असतं, जिथे तरणे गडी निजतात आणि म्हातारे दिवसभर सोंगट्या खेळतात. सकाळी वहिनी वरच्या आळीच्या मोराघरासमोर गेली, पाण्याचा तुंबा खाली ठेवला, जणू दम लागलाय म्हणून बसली आणि आपल्याशीच गुणगुणावं तसं म्हणाली:

"खालची आळी काल सांगे हसून हसून,
वरचे गडी दगड उचलती... जागी बसून!"

सोंगट्या थांबल्या. "कोण म्हणालं असं?" आतून कुणीतरी गरजलं.

"मी काय जाणे बाबा! मी आपली गाणं म्हणणारी बाई. कानावर येतं ते म्हणते." असं म्हणून तुंबा उचलला आणि उतरून सरळ खालच्या आळीला गेली. तिथेही तिला दम लागला.

"वरची आळी म्हणे, आमचा एक नि त्यांचे चार,
तरी खालच्यांचा बांध मानी शेळीपुढे हार!"

संध्याकाळी पाण्यावर मला वरच्या आळीची एक बाई भेटली. म्हणाली, "आमचे सगळे येणार आहेत तुमच्या वहिनीच्या इर्जिकीला." लगेच मागून खालच्या आळीची दुसरी ओरडली, "आमचे तुमच्या आधी येणार!" मी कपाळाला हात लावला. दोन वळू एका दाव्याला बांधून शेत नांगरायला निघाली होती आमची वहिनी.

इर्जिकीच्या दिवशी उजाडायच्या आत शेतावर हीऽऽ गर्दी. वरच्यांनी कातळाकडून सुरुवात केली, खालच्यांनी रानजैतुनाकडून. मध्ये भेटायचं असं ठरलं. वहिनी मधल्या उंचवट्यावर उभी. पदर खोचलेला, गळ्यात मण्यांच्या सगळ्या माळा, जणू लेकीचं लग्न आहे. एक ओळ डावीकडे, एक ओळ उजवीकडे.

"कातळाकडचे पुढे गेले, एक हात गं!"

"होऽ हो!" कातळाकडचे ओरडायचे.

"जैतुनाकडचे झोपले का, काय बात गं?"

की जैतुनाकडचे डबल जोराने भिडायचे. माती उडत होती, दगडावर दगड वाजत होता, बायका टोपल्या घेऊन पळत होत्या. मी उभ्या जन्मात अशी इर्जिक पाहिली नाही. माझ्याही डोक्यावर कधी टोपली आली ते मला कळलं नाही.

दुपारी वहिनीने चाका काढली. भोपळ्याची भांडी भरभरून घेऊन ती इकडून तिकडे फिरली. "नको वहिनी, आत्ता नको, ते पुढे जातील!" इकडचे म्हणाले. "आधी बांध, मग चाका!" तिकडचे म्हणाले. कुरकुफाचे गोळे लोकांनी दगड रचता रचता तोंडात टाकले, पण चाकेला कुणी थांबलं नाही. वहिनीचा ऊर भरून आला. "बघा वन्सं, कामापुढे माणसं पिणंसुद्धा विसरली." माझी चाका असती तर दुपारनंतर सगळे सावलीला आडवे झाले असते, हे तेवढ्यात मला कळलं, आणि मी माझी टोपली उचलली.

काप्पिनोदादा खाली आपल्या शेतात उभा होता. हात पाठीमागे, एकात एक घट्ट धरलेले. सकाळपासून तसाच. मी त्याला गोळे नेऊन दिले तर घेईना.

"दादा, खा की."

"पाया बघ तिकडचा," तो दातओठ खात म्हणाला. "पाया बघ! अरे, लहान दगड खाली घालतात का कुणी? माझ्या बापाने पाहिलं असतं तर..."

"तुला काय त्याचं? बांध पडला तर शेत तुझंच."

"पडला तर माझ्याच डोक्यावर पडणार ना!" असं म्हणून त्याने मान फिरवली, आणि लगेच परत वळवली. नजर हटत नव्हती त्याची.

आणि मग ती चूक झाली. दुसरीकडे कुठे अशी झाली असेल असं मला वाटत नाही. बांध घालताना डोंगराकडे बघायचं असतं. डोंगर जसा वळतो तसं आपण वळायचं, म्हणजे पाणी कुठे साचत नाही. हे सगळ्यांना पाळण्यात असल्यापासून माहीत. पण त्या दिवशी डोंगराकडे कुणी बघितलंच नाही. वरचे खालच्यांकडे बघत होते आणि खालचे वरच्यांकडे. दिवस कलायच्या सुमाराला दोन्ही बाजू आरोळ्या ठोकत मध्ये आल्या, आणि समोरासमोर आल्याच नाहीत. एकमेकींच्या शेजारून निघून गेल्या. वरच्यांचा बांध आत, खालच्यांचा हातभर बाहेर, मध्ये माणूस शिरेल एवढी फट.

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"तुमची बाजू मोडा!"

"का म्हणून? आम्ही सरळ आलो. तुम्हीच वाकडे!"

"वाकडे तुमचे आजोबा!"

कोर्राबाबा काठी टेकत आले, फटीत वाकून पाहिलं, आणि पलीकडच्या डोंगराकडे पाहिलं. तिकडे आभाळ काळं झालं होतं आणि वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता. "निवाडा सलग बांधाचा होता," ते हळूच म्हणाले. "हा सलग नाही. एक बाजू मोडून घाला, मग बघू."

पण मोडणार कोण? मोडेल त्याची आळी हरली. दोन्हीकडचे गडी हाताची घडी घालून उभे राहिले. वहिनीने आधी या बाजूला हात जोडले, मग त्या बाजूला. गाण्याची ओळ टाकून पाहिली, कुणी उचलली नाही. खालून दादाचा आवाज आला, "हा बांध म्हणायचा? ही दोन जावांची एक चूल आहे!" पण त्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. कुणाचं लेकरू पडलेलं बघून माणूस ओरडतो, तसा तो ओरडला.

वहिनी उंचवट्यावरून उतरली आणि फटीजवळच्या मातीच्या ढिगावर बसली. आधी हसली, सवयीने. मग तिचं तोंड बारीक झालं. "गेलं, वन्सं," ती म्हणाली. "मीच दोघांना जुंपलं, आता मीच फळ भोगणार." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला एवढं लहान झालेलं मी गेलेबोच्या मरणातही पाहिलं नव्हतं. माझा जीव कळवळला.

तेवढ्यात खालच्या आळीतल्या एका गड्याला दया आली असावी. त्याने एक लांबोडका दगड उचलला आणि फटीवर आडवा टाकून बुजवायला गेला.

"अरे ए!"

ती आरोळी काप्पिनोदादाची होती. तो त्याच्या शेतातून चढून आला, कमरेचं फडकं आवळत. "लांबोडका दगड आडवा घालतोस? आडवा? अरे, त्याचं शेपूट आत जायला हवं, तोंड तेवढं बाहेर! भिंतीच्या पोटात शिरला पाहिजे तो. आण इकडे!" त्याने दगड त्या गड्याच्या हातातून हिसकला, फटीच्या तळाशी उभं राहून खाली बसवला, दोन ठोके दिले. "हा बघ. आता हलवून दाखव! आणि ही फट बुजवता कशाला, गाढवांनो? पाणी इथेच येणार आहे. इथे सांडवा ठेवायचा, तळाला दगडांचा उंबरा घालून दोन्ही टोकं बांधायची, वरून पाणी जाईल. हा बांध त्याच्या पुढून गेलाय ना? जाऊ दे. दोघांच्या मधून पाणी वळसा घेऊन उतरेल, कुणाला काही मोडायला नको. दगड द्या, मोठा द्या."

दुसरा दगड कुणीतरी दिला. तोही बसला. तिसरा दगड दादाने दोन्ही हातांनी छातीशी उचलला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बाकी सगळ्यांचे हात थांबलेत.

वरची आळी बघत होती. खालची आळी बघत होती. टोपल्या घेतलेल्या बायका होत्या तिथेच थांबल्या होत्या. दादाने कोर्राबाबांकडे पाहिलं, मग आपल्या पायाशी बसवलेल्या त्या दोन दगडांकडे. त्याला आठवलं. त्याच्या तोंडावरून ते मला स्पष्ट दिसलं. मी बहीण आहे त्याची.

त्याला तो दगड खाली टाकता आला असता. चुकून झालं असं म्हणता आलं असतं, पंचांनी कदाचित मानलंही असतं. पण तिसरा दगड बसला नसता तर खालचे दोन पहिल्याच पाण्यात निसटले असते. दादाने तो दगड छातीशी धरूनच वहिनीकडे पाहिलं. वहिनी ढिगावरून उठून उभी राहिली होती. ती एक अक्षर बोलली नाही. त्या बाईला एवढा वेळ गप्प बसलेलं मी तेव्हाच काय ते पाहिलं.

दादाने दगड बसवला.

"बघताय काय सगळे?" तो म्हणाला. "कपच्या द्या! सांदी काय तुमचा बाप भरणार आहे?"

मग जो गलका झाला! दोन्ही आळ्या एकदम तुटून पडल्या, कोण कुणाला दगड देतंय याचा पत्ता नाही. दादा मध्ये उभा राहून शिव्या देत होता आणि हात चालवत होता. वहिनी उंचवट्यावर परत चढली. थोरल्या दिरावर तिने उभ्या आयुष्यात कधी गाणं रचलं नव्हतं. गावातल्या सगळ्यांवर रचली, सासूवर रचली, दिराला मात्र मान दिला. आता तिने गळा मोकळा सोडला, रडतच:

"थोरल्या भावजींचं तोंड म्हणे नाही गं नाही,
हातांना त्यांच्या ऐकू आलंच नाही!"

"ऐकू आलंच नाहीऽ!" सगळा डोंगर म्हणाला. दादाने मान वर केली नाही, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

शेवटची कपची ठोकून होते न होते तोच पाऊस आला. कुणी घरी पळालं नाही. भिजत, एकमेकांना रेटत सगळे सांडव्याकडे बघत राहिले. वरून पाणी आलं, बांधाशी दबकलं, तुंबतंय की काय असं वाटलं, आणि मग दोन्ही बांधांच्या मधून शहाण्या जनावरासारखं वळून खाली दादाच्या शेतात उतरलं. एक दगड हलला नाही. कोर्राबाबांनी काठी चिखलात रोवली. "सलग आहे," ते म्हणाले. "शेत कुणाचं, काप्पिनो? आता तूच सांग."

"मला काय विचारता?" दादा म्हणाला. "दगड लावला ना मी? तिचं."

वहिनी खाली आली. तिला दादाच्या पाया पडायचं होतं बहुतेक, पण चिखलात पाय घसरला आणि तिने त्याचा दंडच धरला. दादा अवघडला. कुणी पाया पडलं, रडलं की त्याला काय करावं सुचत नाही. मग तो शेतीचं बोलतो.

"हे बघ," तो घाईघाईने म्हणाला, "या सांडव्याजवळच्या पट्ट्यात आधी पेर. ओल तिथे जास्त राहील. लाल ज्वारी घाल, पांढरी नको. आणि परवापर्यंत थांब, चिखलात बी टाकू नकोस. कातळाकडच्या बाजूला..."

वहिनीने डोळे पुसले, दंड सोडला, कमरेवर हात ठेवले.

"भावजी," ती म्हणाली, "मला नका सांगू. शेत माझं आहे."

मग काप्पिनोदादा हसला. भर गावासमोर, पावसात, पोट धरून हसला.